जाऊ 'हो' म्हणाली आहे, पुढे काय?

धायरीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे, थोडं आटोपशीर करून देते:

"ताई, माझं वय ३४. तीन वर्षांपूर्वी नवव्या महिन्यात बाळ गेलं. वार गर्भाशयाला घट्ट चिकटून बसली होती, रक्तस्राव थांबेना, म्हणून पिशवी काढावी लागली. दोन्ही अंडाशय शाबूत आहेत. आता डॉक्टरांनी सरोगसी, म्हणजे आमचं बाळ दुसऱ्या बाईच्या पोटी वाढवणं, सुचवली आहे. सासूबाईंनी रात्री जेवताना विषय काढला आणि माझी धाकटी जाऊ लगेच हो म्हणाली. ती २८ वर्षांची आहे, तिला चार वर्षांचा मुलगा आहे, ते वरच्या मजल्यावर राहतात. सासूबाई म्हणतात, तिला चार तोळ्यांच्या पाटल्या करू. यांच्या ऑफिसातल्या एकाचं म्हणणं, घरातलं घरात नको, एजंट बाई मिळवून देतो. हे सगळं नक्की कसं चालतं? बाळ आमचंच असेल ना? पुण्यात पिशवीचं प्रत्यारोपण झालं होतं असंही वाचलं, ते जमेल का? मला अगं-तुगंच करा. ता. क. बाळासाठी आणलेले कपडे अजून कपाटात आहेत."

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'लगेच' या शब्दापाशी थांबले.

धाकटी सून, रात्रीचं जेवण, सगळे ताटावर बसलेले आणि विषय काढला तो सासूबाईंनी. तिथे 'मला विचार करू द्या' एवढं म्हणायलाही मोठं धाडस लागतं. कदाचित ती मनापासूनच हो म्हणाली असेल. तुझं बाळ गेलं तेव्हा ती त्याच घरात होती, सगळं तिने डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तिचा होकार मनातला आहे की ताटावरचा, हे अजून कुणी तिला विचारलेलं दिसत नाही. कायदा, इंजेक्शनं, कोर्ट हे सगळं मी सांगतेच. त्याआधी हे एक काम तुला करायचं आहे, आणि ते तुलाच करावं लागेल. नवऱ्याला पाठवू नकोस, सासूबाईंना तर नकोच.

एखाद्या दुपारी तिला एकटीला घेऊन बाहेर पड. धायरीहून खडकवासला काही लांब नाही. धरणाच्या भिंतीपाशी बसा, कणीस घ्या, आणि तिला स्पष्ट सांग की तिने नाही म्हटलं तर घरात ते तू तुझ्या तोंडून सांगशील, 'आमचंच ठरत नाहीये' म्हणून. तिच्यावर काही येणार नाही. मग तिला आठवडाभर काही विचारू नकोस.

आणि एक गोष्ट तिच्यापासून लपवू नकोस. बाळंतपणात काय होऊ शकतं, हे तुझ्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक नाही. तुझी पिशवी गेली ती बाळंतपणातच. आयव्हीएफने, म्हणजे शरीराबाहेर बीज आणि शुक्राणू एकत्र आणून, राहिलेल्या गर्भात वार खाली सरकण्याचा, रक्तदाब वाढण्याचा धोका एरवीपेक्षा थोडा जास्तच असतो. तिचं पहिलं बाळंतपण सिझरने झालं असेल, तर वार चिकटण्याचा धोकाही वाढतो. तिला स्वतःला दुसरं मूल हवं आहे का? हवं असेल तर आधी तिचं होऊ दे, असं मी ठामपणे म्हणेन. ती २८ वर्षांची आहे, कायद्याने सरोगेट आईचं वय २५ ते ३५ चालतं. म्हणजे थांबायला वाव आहे. तू ३४ची, पण तुझी बीजं आत्ता काढून भ्रूण गोठवून ठेवता येतात, ते थांबू शकतात.

आता हे शरीरात कसं घडतं ते सांगते. हे नीट समजलं की 'बाळ आमचंच असेल ना' या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

पिशवी नसली तरी तुझे अंडाशय दर महिन्याला काम करत असतात, फक्त पाळी येत नसल्याने ते बाहेरून कळत नाही. म्हणून डॉक्टर रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करून अंदाज घेतील. एएमएच नावाची एक तपासणी असते, तिच्यावरून किती बीजं मिळतील याचा अंदाज बांधता येतो. पिशवी काढताना अंडाशयांचा रक्तपुरवठा कधीकधी थोडा कमी होतो, त्यामुळे ही तपासणी सगळ्यात आधी करून घे. मग साधारण १० ते १२ दिवस रोज इंजेक्शनं, मधूनमधून सोनोग्राफी, शेवटी बीजं पक्व करणारं एक इंजेक्शन, आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी थोडी भूल देऊन सुईने बीजं काढतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. संध्याकाळी घरी. पोट दोन-चार दिवस फुगल्यासारखं वाटेल.

प्रयोगशाळेत तुझं बीज आणि नवऱ्याचा शुक्राणू यांचा संयोग घडवतात, पाच दिवस वाढवतात आणि तयार झालेला भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना गोठवतात. गोठवल्यामुळे दोघींच्या तारखा जुळवत बसावं लागत नाही.

जावेच्या बाजूचं काम वेगळं. तिच्या पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या, साधारण दोन आठवडे. गर्भाशयाचं अस्तर सात-आठ मिलिमीटर झालं की प्रोजेस्टेरॉन सुरू करतात आणि पाच दिवस ते दिलं की भ्रूण आत सोडतात. एक बारीक नळी, समोर सोनोग्राफीचा पडदा, भूल लागत नाही. नियमाने एका वेळी एकच भ्रूण, अपवादात्मक परिस्थितीतच तीनपर्यंत. 'जुळी झाली तर बरंच' असं कुणी म्हणालं तर हो म्हणू नकोस, दोन बाळांचा भार तिच्या अंगावर पडतो. दहा-चौदा दिवसांनी रक्ताची तपासणी. गर्भ राहिला तर प्रोजेस्टेरॉन दहा-बारा आठवडे चालू राहतं, बऱ्याच ठिकाणी इंजेक्शनानेच, आणि ते कंबरेखाली गाठी येतील इतकं दुखतं. हे तिला आधी कळायला हवं. आणि गर्भ पहिल्या खेपेलाच राहील अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. एका सरोगेट आईवर जास्तीत जास्त तीन प्रयत्न करता येतात.

म्हणजे बाळाची जनुकं अर्धी तुझी, अर्धी नवऱ्याची. जावेच्या बीजाचा यात संबंधच नाही. कायद्यानेही सरोगेट आईचं स्वतःचं बीज वापरायला बंदी आहे. तिचं रक्त आणि बाळाचं रक्त वेगवेगळं राहतं, मधे वार असते, वारेतून अन्न आणि प्राणवायू जातो. नऊ महिने तिच्या श्वासावर बाळ जगतं, पण नाक तुझ्या आईवर जाईल की सासूबाईंवर, ते आधीच ठरलेलं असतं.

कायद्याकडे येते. सरोगसीचा कायदा २०२१चा, जानेवारी २०२२ पासून लागू झाला. तुम्ही दोघं त्यात बसता: बायकोचं वय २३ ते ५०, नवऱ्याचं २६ ते ५५, लग्न झालेलं, हयात मूल नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना मलाही जड गेलं. ते फॉर्ममध्ये तुला स्वतःच्या हाताने लिहावं लागेल, म्हणून आधीच सांगते. शक्य असेल तर तो कागद नवऱ्याला भरायला दे.

पहिला कागद जिल्हा वैद्यकीय मंडळाचा, की सरोगसीची वैद्यकीय गरज आहे. गर्भाशय नसणं हे कारण नियमांत सरळ दिलेलं आहे. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनच्या नोंदी काढून ठेव. हरवल्या असतील तर त्या रुग्णालयातून प्रती माग. चौकशी औंधच्या जिल्हा रुग्णालयातून सुरू कर, जिल्हा शल्यचिकित्सक तिथेच बसतात. दुसरा कागद कोर्टाचा. तुम्ही दोघं आणि जाऊ मिळून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करता, आणि बाळाचे आईवडील कोण व ताबा कुणाकडे याचा आदेश बाळाचा गर्भही राहण्याआधी निघतो. शिवाजीनगरच्या कोर्टात एक-दोन खेपा होतील, वकील घे. हाच आदेश पुढे जन्मनोंदणीच्या वेळी कामी येतो, आणि महापालिकेच्या दाखल्यावर आईचं नाव तुझं लागतं. तिसरा कागद विम्याचा: जावेच्या नावे ३६ महिन्यांचा, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीही त्यात धरलेल्या हव्यात, हप्ता तुम्ही भरायचा. शिवाय तिची शारीरिक आणि मानसिक तपासणी होऊन तिला स्वतंत्र दाखला मिळावा लागतो. ज्या दवाखान्यात हे करणार, त्याची सरोगसीसाठीची नोंदणी वेगळी असते. ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं, नसेल तर विचार. हे सगळं पूर्ण होईपर्यंत जावेला एक गोळीही सुरू करू द्यायची नाही.

तिने हे तिला समजणाऱ्या भाषेत वाचून, मगच लेखी संमती द्यायची असते. आणि भ्रूण आत सोडण्याच्या क्षणापर्यंत ती संमती तिला मागे घेता येते. हे वाक्य तिला खडकवासल्याला सांग. टेबलावर झोपल्यावरसुद्धा ती नाही म्हणू शकते. एकदा गर्भ राहिला की त्याच्याबद्दलचा कोणताही वैद्यकीय निर्णय तिच्या लेखी संमतीशिवाय होत नाही, कारण शरीर तिचं आहे.

पाटल्यांचं काय? सासूबाईंची भावना मला कळते. त्यांच्या पिढीत उपकाराची फेड सोन्यानेच करतात. पण कायद्यात सरोगेट आईला वैद्यकीय खर्च, ठरवून दिलेले इतर खर्च आणि विमा यांपलीकडे पैसा किंवा पैशासारखी कोणतीही गोष्ट द्यायची मुभा नाही. 'हे कर, मग पाटल्या करू' असं म्हटलं की ती मोबदल्याची बोली झाली. कायदा बाजूला ठेवला तरी, पाटल्यांचा शब्द निघाल्यावर तिने नाही म्हटलं तर ती हट्टी ठरते आणि हो म्हटलं तर लोभी. सासूबाईंना सांग की ताईंनी पाटल्यांचा विषय बंद करायला सांगितलाय. मी वाईट झाले तरी चालेल.

एजंटाचा नाद तर अजिबात नको. पैसे देऊन सरोगसी करणाऱ्या जोडप्यालाही पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे, दवाखाना चालवणाऱ्यांना आणि दलालांना दहा वर्षं आणि दहा लाखांपर्यंत. आणि जी बाई तो आणेल, तिचा होकार कुणी कसा मिळवला हे तुला कधीच कळणार नाही. सरोगेट आई नात्यातलीच हवी असा मात्र कायदा नाही, बऱ्याच जणांचा तसा गैरसमज आहे. स्वखुशीने तयार असलेली, लग्न झालेली किंवा होऊन गेलेली, स्वतःचं मूल असलेली, वयात बसणारी आणि आधी कधी सरोगेट न झालेली कुणीही चालते. तेव्हा जावेचा नकार आला तर वाट संपली असं समजू नकोस. एखादी मामेबहीण, एखादी मैत्रीण असेल. आणि दत्तक घेण्याचा रस्ताही आहेच. तू पत्रात त्याबद्दल लिहिलं नाहीस म्हणून मी इथे ओढत नाही.

प्रत्यारोपणाबद्दल तू बरोबर वाचलं आहेस. देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण मे २०१७ मध्ये पुण्यातच, गॅलेक्सी केअरमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या चमूने केलं. आईने लेकीला आपलं गर्भाशय दिलं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यातून मुलगी जन्मली. ज्या पिशवीत लेक वाढली त्याच पिशवीत नात वाढली. पण त्यात दोघींवर कित्येक तासांची शस्त्रक्रिया होते, शरीराने ते गर्भाशय नाकारू नये म्हणून गरोदरपणातही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, बाळंतपण सिझरनेच, आणि मूल झाल्यावर पुन्हा ऑपरेशन करून गर्भाशय काढून टाकायचं असतं. तू एकदा ऑपरेशनच्या टेबलावर मरता मरता वाचली आहेस. सरोगसीचा दरवाजा उघडा असताना मी तुला त्या टेबलाकडे पाठवणार नाही.

समजा, जावेने आठवड्यानंतर स्वतःहून हो म्हटलं. मग पुढचे नऊ महिने घर कसं चालवायचं, हे दवाखान्यात कुणी सांगत नाही.

मी समुपदेशक म्हणून काम करत होते तेव्हा दोघी बहिणी माझ्याकडे यायच्या. धाकटीला जन्मतःच गर्भाशय नव्हतं, थोरलीने तिचं बाळ पोटात वाढवलं. सातव्या महिन्यात त्यांच्या आईला प्रश्न पडला: डोहाळजेवण कुणाचं करायचं, ओटी कुणाची भरायची? शेवटी दोन पाट मांडले, दोघींना हिरव्या साड्या. तो फोटो त्यांनी मला दाखवला होता. थोरलीचं पोट एवढं पुढे आलेलं की पदरात नारळ-तांदूळ मावेनात, म्हणून धाकटीने शेजारच्या पाटावरून हात लांब करून तिच्या पदराचं टोक खालून धरलं होतं.

बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांनी थोरली एकटीच आली. दूध थांबवायच्या गोळ्या चालू होत्या. म्हणाली, "बाळ माझं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे हो. पण पहाटे जाग आली की हात पोटावर जातो." आणि मग बराच वेळ रडली. घरातली सगळी माणसं बाळाभोवती होती, आणि ती बाळंतीण आहे हेच सगळे विसरले होते. तिला कुणी तेल लावलं नव्हतं, शेक दिला नव्हता, डिंकाचा लाडू विचारला नव्हता.

म्हणून तुला सांगते, जावेचं बाळंतपण पूर्ण सव्वा महिना झालं पाहिजे. मालिशवाल्या बाई आधीच ठरवून ठेव. अळिवाची खीर तू कर, तुझ्या हातची. गरोदरपणात वरच्या मजल्यावरचे कपडे, भांडी, तिच्या मुलाला शाळेत सोडणं-आणणं हे तू आणि तुझा नवरा वाटून घ्या. दिराशीही मोकळं बोला, बायकोच्या अंगावर नऊ महिने जे येणार त्याची झळ त्यालाही बसणार आहे. चार वर्षांच्या मुलाला 'काकूचं बाळ आईच्या पोटात झोपलंय, काकूचं पोट दुखरं आहे म्हणून' एवढं पुरतं. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर समजतं. पण त्याला अंधारात ठेवाल तर 'आपलं बाळ खाली देऊन टाकलं' असं त्याच्या मनात बसेल. ज्या गोष्टी ताटावर बोलायच्या नसतात त्यांसाठी एखाद्या समुपदेशकाकडे तुम्ही चौघं महिन्यातून एकदा जा, आणि जावेला वेगळी वेळ मागून घ्या.

आणि तुझ्या बाळालाही, ते मोठं होईल तेव्हा, हे घरातूनच कळू दे. धायरीत कुणीतरी सांगणारच आहे.

रजेचं थोडक्यात. मूल दुसरीच्या पोटी वाढलं तरी मातृत्व लाभाच्या तरतुदींनुसार २०१७ पासून तुझ्यासारख्या आईला बाळ हाती आल्यापासून १२ आठवडे रजा मिळते. दोघींपैकी कुणी केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर जून २०२४ पासून १८० दिवसांची सोय आहे. ऑफिसात लेखी विचार.

दुधाबद्दल तू विचारलं नाहीस, पण ते तुझ्या मनात असणार. तीन वर्षांपूर्वी तुला दूध आलं असेल आणि घेणारं कुणी नव्हतं. गर्भ न वाढवताही दूध आणता येतं. बाळ येण्याच्या काही महिने आधीपासून औषधं आणि पंप वापरून तयारी करावी लागते, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. सगळं दूध पुरेल असं नाही, थोडं येईल, उरलेलं वरचं द्यावं लागेल. नाहीच आलं तरी बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरून बसता येतं, पहिल्या तासापासून. जावेची आणि डॉक्टरांची संमती आधीच घेऊन ठेव, की बाळाची नाळ कापली की ते तुझ्या छातीवर द्यायचं.

आता कपाटातले कपडे. ते आत्ता काढू नकोस, आणि या नव्या बाळासाठी राखूनही ठेवू नकोस. ते ज्याच्यासाठी आणले होते, त्याचे आहेत. या बाळाला नवं झबलं शिवायला कापड आण, जुनं मऊ सुती असलं तर आणखी चांगलं, सासूबाईंना शिवायला सांग. त्यांच्या हातांना पाटल्यांच्या ऐवजी ते काम मिळेल. आणि त्या जुन्या कपड्यांतलं एक टोपडं तुझ्यापाशी ठेव. बाकीच्यांचं काय करायचं ते सहा महिन्यांनी ठरव, मला लिहून कळव.